घरचा विद्यार्थी

आभा मॅडमनी तोंडी परीक्षेची नवी पद्धत सांगितली आणि पनवेलच्या एका कॉलेजातल्या स्पॅनिशच्या वर्गाला घाम फुटला. प्रत्येकाने घरातल्या एका माणसाला पंधरा दिवस स्पॅनिश शिकवायचं, परीक्षेला त्यालाच घेऊन यायचं आणि मॅडमसमोर त्याच्याशी तीन मिनिटं बोलायचं. मार्क अर्थात मुलांनाच.

"माझ्याशी बोलताना तुमची दातखीळ बसते," मॅडम म्हणाल्या. "म्हणून घरच्यांशी बोला. चुका हव्या तेवढ्या करा. गप्प बसलात तर मात्र नापास."

हे शेवटचं वाक्य बोलताना त्यांनी दीपिकाकडे पाहिलं नाही, पण सगळ्या वर्गाने पाहिलं. जवळच्या विचुंबे गावची दीपिका लेखी परीक्षेत वर्गात पहिली आणि तोंडीत दोनदा नापास. कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात ती सहज घरच्या बोलीत बोलून गेली होती, "मना नाय समजला," आणि मागचे बाक खिदळले होते. तेव्हापासून कुठलंही वाक्य ती आधी मनात तीनदा घासूनपुसून घ्यायची. तेवढ्यात विषय बदललेला असायचा. मराठी, इंग्रजी, स्पॅनिश, सगळीकडे हेच. ही तिची शेवटची संधी होती. सर्टिफिकेट नाही तर उरणकडच्या शिपिंग ऑफिसातली नोकरीही नाही, असं तिथल्या साहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं.

घरी आईने शिकायला साफ नकार दिला. पुढे सरसावले ते बाबा. कमळाकर म्हणजे गावातला बोलका माणूस. शेत बिल्डरला दिल्यापासून हाताला काम नव्हतं, तोंडाला मात्र सुट्टी नव्हती.

"मी येतंय परीक्षेला," ते म्हणाले. "त्यात काय हाय?"

चार दिवसांत त्यांनी वीसेक शब्द उचलले आणि गावभर वापरून टाकले. जगनच्या दुकानात ते नमस्काराऐवजी 'होला' म्हणून शिरू लागले. त्यांच्याच शेतावर उभ्या राहिलेल्या बिल्डिंगचा वॉचमन रोज सकाळी त्यांना 'ब्युनोस दियास', म्हणजे शुभ सकाळ, ठोकू लागला, आणि तो तर बिहारचा. एकाही शब्दाचा उच्चार धड नव्हता. दीपिकाला ऐकून लाज वाटायची आणि थोडा हेवाही वाटायचा. शेवटी तिने बारा प्रश्न आणि बारा उत्तरं एका कागदावर देवनागरीत लिहिली आणि ती बाबांकडून घोटून घेतली. नाव काय, गाव कुठलं, घरात माणसं किती. या कागदाबाहेर एक अक्षर बोलायचं नाही, अशी तिने त्यांना शपथ घातली.

परीक्षेच्या दिवशी पहिला नंबर कामोठ्याच्या मितालीचा लागला. तिची आई बँकेत अधिकारी. मायलेकींनी पाढे म्हणावेत तसे तीन मिनिटं प्रश्नोत्तरं म्हटली आणि नमस्कार करून बसल्या. मग दीपिकाचं नाव आलं.

कमळाकर कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. खुर्चीत बसून त्यांनी वरचा खिसा चाचपला, मग पँटचे दोन्ही चाचपले.

"कागद घरीच ऱ्हायला गो," ते म्हणाले.

मॅडमनी घड्याळ लावलं. पहिलं अर्धं मिनिट तसंच सरलं. बारा प्रश्न तिला पाठ होते, पण एकही ओठांवर येईना. संपलं सगळं, तिसऱ्यांदा नापास, असं तिच्या मनाने घेतलं आणि डोळे भरून आले.

तेवढ्यात कमळाकर मॅडमकडे वळून ऐटीत म्हणाले, "यो कोसिनो." म्हणजे, मी स्वयंपाक करतो.

दीपिकाने मान वर केली. या माणसाने जन्मात गॅस पेटवला नव्हता.

"यो कोसिनो पेस्कादो," ते म्हणाले. मासेसुद्धा तेच करतात म्हणे. मग लेकीकडे बोट दाखवून त्यांनी दुःखाने मान हलवली. "मी इखा नो कोसिना. मी इखा दुएर्मे." माझी मुलगी स्वयंपाक करत नाही. माझी मुलगी झोपते.

"नो!" दीपिका ओरडली. "मेंतिरा!" खोटं!

आणि मग बांध फुटला. रविवारी बाजारात कोण जातं? मी! मासे कोण साफ करतं? मी! खातं कोण? तुम्ही! खाऊन पंख्याखाली पाच वाजेपर्यंत झोपतं कोण? तुम्ही! हे सगळं स्पॅनिशमध्ये, जमेल तसं. घोरण्याला शब्द सापडेना, तेव्हा तिने सरळ घोरून दाखवलं. वर्ग खो-खो हसला. तीही हसली आणि बोलतच राहिली.

"यो? नुंका!" मी? कधीच नाही! कमळाकर छातीवर हात ठेवून म्हणाले, आणि ती आणखी भडकली.

तीन मिनिटं संपल्याची खूण म्हणून मॅडमनी हात वर केला, तो दोघांनाही दिसला नाही. सहाव्या मिनिटाला मॅडमनी दोघांच्या मध्ये उभं राहून भांडण सोडवलं.

"चुका मोजायच्या सोडून दिल्या मी," त्या डोळे पुसत म्हणाल्या. त्यांचेही हसून भरले होते. "पास. चांगल्या मार्कांनी पास."

"आनि मी?" कमळाकरांनी विचारलं.

"तुम्ही खोटं फार सुंदर बोलता, काका."

विचुंब्याच्या रिक्षात बसल्यावर कमळाकरांनी घाम पुसायला खिशातून रुमाल काढला. त्याबरोबर एक घडी घातलेला कागद दीपिकाच्या मांडीवर पडला. तिने उघडून पाहिला. बारा प्रश्न, बारा उत्तरं.

"बाबा! कागद तर खिशातच हाय!"

"हाय ना." ते बाहेर बघत म्हणाले. "लहानपनापासून बघतंय. तुज्यावर खोटा आळ आला का तू गप बसत नाय. तवरा एकच औषध मना म्हायत होता."

दीपिकाने कागदाची पुन्हा नीट घडी घातली. पण मासे कोण करतं हा प्रश्न अजून मिटला नव्हता. विचुंबे येईपर्यंत ती बाबांशी मोठमोठ्याने भांडत राहिली, निम्मं स्पॅनिशमध्ये आणि निम्मं घरच्या बोलीत. रिक्षावाला आरशातून बघत होता. त्याला बघू दिलं तिने.