वरचे तेवीस ग्रॅम

हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारं मशीन मी सोलापुरात बनवते, हे ऐकून लोक हसतात. हसा की. उष्णतेची टंचाई आपल्याकडे कधी पडली होती?

मशीनमध्ये प्रोपेन फिरतो, स्वयंपाकाच्या गॅसचा सख्खा भाऊ. पेटतो, म्हणून घरात ठेवायच्या मशीनमध्ये तो दीडशे ग्रॅमच्या आतच हवा. माझं पहिलं मशीन चारशे ग्रॅम पीत होतं. दोन वर्षं मी नळ्या बारीक करत गेले, नको ती वळणं काढली आणि एकशे अठ्ठेचाळीसवर आणलं. आमचे मालक कमलाकर सर यांनी कौतुकही केलं. चाचणीत पास झालं तर ठीक, नाहीतर पुन्हा कूलर बनवायला लाग म्हणाले. एवढा विश्वास टाकणारा मालक मिळायला भाग्य लागतं.

गॅस भरायचं काम मडिवाळप्पाकाकांचं. अक्कलकोटकडचा माणूस, तीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात काढलेली. नळीला हात लावून गॅस किती झाला ते सांगतात. मला नळी जोडायला त्यांनीच शिकवलं. वजनकाट्यावर मात्र त्यांचा राग. भाजीवाली कोथिंबिरीच्या चार काड्या वर टाकते, तसा काकाही थोडा गॅस वर टाकतात. मोजूनमापून भरणं म्हणजे त्यांच्या लेखी चिक्कूपणा. मी दहादा बजावलं, काका, काट्यावर एकशे अठ्ठेचाळीस. ते व्हय म्हणाले. दहाही वेळा.

चाचणीला पुण्याहून ऋतुजा मॅडम आल्या. त्यांनी मशीनमधला गॅस बाटलीत काढून घेतला आणि वजन केलं. एकशे एकाहत्तर. नापास.

मग सांत्वनाची जत्रा भरली. तेवीस ग्रॅम म्हणजे काय, चिमूटभर धने, असं एकजण म्हणाला. दुसऱ्यानं मला उसाचा रस पाजला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता आणि रडूही येत होतं. काका कोपऱ्यात हात पुसत उभे होते. त्यांना काही विचारायची गरजच नव्हती.

मॅडम म्हणाल्या, फेरचाचणी आजच घेऊ, पण गॅस जास्त का झाला ते लेखी द्या. कमलाकर सरांनी लगेच तोडगा काढला. काटा बिघडला होता असं लिहून टाक, म्हाताऱ्या माणसाची लाज कशाला काढायची? वा! दोन वर्षांचा माझा प्रत्येक आकडा त्याच काट्यावरचा. काटा खोटा ठरला की मी खोटी. हे सांगायला मी तोंड उघडलं, पण काकांकडे लक्ष गेलं.

मी पेन उचललं, तसे काका पुढं आले.

"काट्याला बोल लावू नका," ते मॅडमना म्हणाले. "त्यानं बरोबर दावलं. भरायची बाटली काट्यावरनं काढल्यावर वर मीच गॅस घातला. पोरीच्या मशीनला कमी पडू नये म्हणून."

त्यांनी कागद ओढून घेतला, हेच लिहिलं आणि खाली कन्नडमध्ये सही केली.

दुसऱ्यांदा गॅस मी भरला. एकशे अठ्ठेचाळीस. पाणी कढत निघालं, मशीन पास झालं, पेढे आले. पहिला पेढा घेऊन मी काकांना शोधायला गेले. आपली पाना-पकडीची पेटी माझ्या टेबलावर ठेवून ते घरी गेले होते.