नोंद आढळत नाही

जन्मनोंदणी कार्यालयाच्या दप्तरखान्यात दोघंच बसायचे. जुने कारकून दिवसाचं पहिलं रजिस्टर उघडण्याआधी डोळे मिटून पाच मिनिटं प्रार्थना करत, म्हणून सगळे त्यांना भगत म्हणत. शेजारच्या टेबलावरच्या बाईंचं देवाशी काडीचं देणंघेणं नव्हतं. "तुमचं झालं की सांगा, अर्जांची खिडकी उघडते," त्या म्हणायच्या. भगत हसण्यावारी न्यायचे.

एका मंगळवारी एक आजी आल्या. लेक परदेशात, दिवस भरत आलेले. पासपोर्टसाठी आजींना जन्मदाखला हवा होता. भगतांनी त्या सालचं रजिस्टर दोनदा चाळलं आणि 'नोंद आढळत नाही' असा शिक्का मारून अर्जाची एक प्रत परत दिली.

"म्हणजे मी जन्मलेच नाही का रे बाबा?" आजींनी विचारलं.

बाईंना फिस्सकन हसू आलं. आजी मात्र पायऱ्या उतरून गेल्या.

दुपारी भगतांनी डबा उघडला आणि तसाच ठेवला.

"काय झालं?" बाई म्हणाल्या.

"सकाळी म्हटलं, हातून काम नीट होऊ दे. आणि अकराला शिक्का मारून मोकळा झालो. आता कोणत्या तोंडानं हात जोडू?"

"मला कुणापुढे जोडायचे नाहीत. पण पासपोर्टवाले साहेब त्यांना उद्या पुन्हा इथेच धाडतील. तो चेहरा मला परत बघवणार नाही. काढा पुढचं साल."

डबे बाजूला सारून दोघं बसले. धुळीनं शिंकून शिंकून बेजार झाले. साडेतीनला बाईंचं बोट एका ओळीवर थांबलं. आजींच्या वडिलांनी लेकीची नोंद तब्बल दीड वर्षानं केली होती.

"देवानंच दाखवलं," भगत म्हणाले.

"दाखवलं मी. चष्मा पुसून."

"बरं, तुम्ही."

अर्जावरच्या नंबरवर फोन केला. कार्यालय बंद व्हायच्या आत आजी धापा टाकत हजर झाल्या. दाखला दोनदा वाचून घडी घालून पिशवीत ठेवला आणि विचारलं, "कुणी शोधलं?"

भगतांनी बाईंकडे बोट केलं, बाईंनी भगतांकडे.

आजींनी खिडकीतून हात घालून आधी भगतांच्या डोक्यावर ठेवला, तोंडानं देवाचं नाव घेत. मग बाईंकडे वळवला, पण हात पोचेना. बाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि मान खाली केली.