नेलीदाबाईंचे भोपळे आणि बाटल्यांचं देवस्थान

मी अर्जेंटिनातल्या कोर्दोबा शहरातला एक पडीक प्लॉट बोलतोय. लोक मला 'रिकामी जागा' म्हणतात, पण रिकामा मी कधीच नव्हतो. शेवयांचा कारखाना पाडल्यापासून माझ्यावर एरंड माजला, मांजरी व्याल्या, कुणीतरी तीन पायांचा सोफा आणून टाकला. मालकांनी फलक ठोकला : 'येथे लवकरच अठरा मजले'. त्या 'लवकरच'चा रंगसुद्धा आता उडालाय.

समोरच्या नेलीदाबाईंनी मालकांची वाट पाहिली नाही. नवरा गेल्यावर त्यांना घर खायला उठायचं, म्हणून त्यांनी माझ्या कोपऱ्यात भोपळे लावले. माझ्याकडे नळ नाही. त्या घरून बाटल्या भरून आणायच्या आणि विटांच्या ढिगाशी मांडून ठेवायच्या.

तिथंच घोटाळा झाला. आमच्याकडे रस्त्याकडेला विटांची देवळी रचून कोर्रेआमाईला पाण्याच्या बाटल्या वाहतात. बिचारी वाळवंटात तहानेनं मेली, पण तिचं तान्हं पोर तिच्या अंगावर पीत जगलं. विटांपाशी बाटल्या दिसल्या, की आमचा ट्रकवाला गाडी थांबवणारच! एकानं बाटली ठेवली, दुसऱ्यानं दोन. बघता बघता माझं देवस्थान झालं. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. नेलीदाबाई मात्र खूश. पाणी घरपोच!

मग एका रणरणत्या सकाळी जेसीबी आला. चालक ओस्वाल्दोनं बाटल्या पाहिल्या, टोपी काढली आणि इंजिन बंद केलं.

"अरे, चालव की!" इंजिनियर ओरडला.

"तुम्हीच चालवा, साहेब. माझ्या बायकोला सातवा महिना आहे."

साहेब तावातावानं वर चढले, बाटल्यांकडे बघितलं आणि गुपचूप उतरले. "बघू पुढच्या आठवड्यात," म्हणाले.

गल्लीत जल्लोष झाला. लोकांनी बाटल्यांभोवती दोरी बांधली, ओस्वाल्दो स्वतः पहाऱ्याला बसला. दुपारपर्यंत वेलांनी माना टाकल्या. नेलीदाबाईंनी दोरीखालून हात घातला.

"ओ मावशी, हात लावू नका! माईचं पाणी आहे ते!"

"तहानेनं मेली रे ती! आता तिच्या डोळ्यांदेखत माझे भोपळे मारतोस? हो बाजूला."

बाईंनी बाटली उपडी केली. ओस्वाल्दोनं आधी आभाळाकडे पाहिलं. काहीच कोसळलं नाही. मग त्यानंही एक बूच फिरवलं. "कुठल्या वेलाला घालू, मावशी?"

पवित्र पाण्याची चव मी घेतली. अगदी नळाचीच होती.

मालकहो, तुमच्या अठरा मजल्यांशी माझं वैर नाही. पण जरा दमानं घ्या. नेलीदाबाई रोज संध्याकाळी इथं येऊन गेलेल्या नवऱ्याला दिवसभराचं सांगतात, वेलांना पाणी घालता घालता. तुम्ही सिमेंट ओतलंत, की त्यांना पुन्हा त्या घरात गप्प बसावं लागेल.