दार क्रमांक सतराची पाटी

मी पितळेची पाटी बोलतेय. चार बोटं लांब, दोन बोटं रुंद. युरोपातल्या ग्रात्स शहरात, मूर नदीच्या पलीकडच्या अंगाला आमची चोवीस घरांची सोसायटी आहे. तिच्या मुख्य दाराशेजारी चोवीस घंटांची बटणं आहेत, आणि त्यांतल्या एका बटणापाशी मी आहे. माझ्यावर कोरलंय, हेर्मिने कोग्लर. आज तिथे नाव असलेली मी एकटीच. बाकी सगळीकडे नुसते आकडे. हे कसं झालं ते सांगायचंय. सांगून काही परत येणार नाही, हे मलाही कळतं.

मला कोरलं एका म्हाताऱ्या कारागिराने, १९७४ साली. त्याने हेर्मिनेबाईंना विचारलं, "नुसतं आडनाव घालू ना? एकट्या राहणाऱ्या बायका पहिलं नाव घालत नाहीत. लोक उगाच नाक खुपसतात."

"खुपसू देत. पूर्ण नाव घाला," बाई म्हणाल्या.

तेव्हा त्या सत्तावीस वर्षांच्या होत्या. टेलिफोनच्या चौकशी विभागात नोकरी. दिवसभर कानाला यंत्र लावून बसायचं आणि मागेल त्याला मागेल त्याचा नंबर सांगायचा.

माझ्या बटणावर फार बोटं पडली नाहीत. वर्षातून दोनदा बहीण यायची, अधूनमधून पोस्टमन, आणि जानेवारीतल्या ख्रिस्ती सणाला तीन राजांची सोंगं घेऊन गाणी म्हणणारी मुलं. पण दर शनिवारी बाई फडकं घेऊन खाली यायच्या आणि मला लख्ख घासायच्या. शेजारच्या पाट्या हिरव्या पडल्या, मी नाही. मला त्याचा ताठा होता, खोटं कशाला बोलू?

एका हिवाळ्यात स्नेझाना, म्हणजे आमच्या इमारतीची देखभाल करणारी बोस्नियाची बाई, पायऱ्यांवरच्या बर्फावर मीठ टाकत होती. म्हणाली, "काय बाई, एवढं काय घासता? राजवाड्याचं दार आहे का हे?"

"कुणी शोधत आलं तर वाचता यायला हवं."

"इतक्या वर्षांनी कोण येणारे शोधत?"

बाई फडक्याची घडी करत म्हणाल्या, "मला मुलगा आहे, स्नेझाना. पन्नाशीला आला असेल. अकरा दिवस माझ्यापाशी होता. माझं लग्न झालेलं नव्हतं, आणि गाव डोंगरातलं. वडिलांनी त्याला दत्तक देऊन टाकला. त्याचं नवं नाव काय ठेवलं, तेही मला कुणी सांगितलं नाही."

स्नेझानाने मिठाची बादली खाली ठेवली. मग म्हणाली, "मग घासा बाई, घासा."

पुढे २०१८ साली युरोपभर खासगी माहितीच्या रक्षणाचा कायदा लागू झाला. माणसाची माहिती ही त्या माणसाची, ती त्याच्या हक्काची, आणि कुणीही उठून ती गोळा करायची किंवा वाटायची नाही. कायद्याला मी नावं ठेवणार नाही. या मुलखात माणसांच्या नावांच्या याद्या करून पूर्वी, युद्धाच्या दिवसांत, कुणाकुणाला उचलून नेलं, ते जुन्या दारांना चांगलं ठाऊक आहे.

पण आमच्या सोसायटीच्या चिटणिसाला धडकी भरली. कुणीतरी बैठकीत विचारलं, "दारावरचं नाव हीसुद्धा माहितीच ना?" झालं. पाट्या काढा असं त्या कायद्यात कुठेही म्हटलं नव्हतं. तरी घरोघरी पत्रक गेलं, की नाव ठेवायचं असेल त्याने पंधरा दिवसांत सही करून संमती द्यावी, नाहीतर पाटी उतरवली जाईल.

बाईंनी सही केली नाही. त्यालाही कारण होतं. त्या वर्षी त्यांना भामट्यांचे फोन यायचे. "आजी, ओळखलं का? मी तुमचा नातू. अपघात झालाय, मदत करा." एकदा बाई टोपी चढवून, पैसे घेऊन निघाल्याही होत्या. स्नेझानाने त्यांना माझ्यासमोरच अडवलं. "बाई, नातू कुठला? नाव तरी विचारलंत का त्याचं?" तेव्हापासून बाई धसकल्या होत्या. पत्रक हातात घेऊन स्नेझानाला म्हणाल्या, "आयुष्यभर लोकांचे नंबर वाटले. आता माझं नाव तरी माझ्यापाशी राहू दे. आणि बावन्न वर्षांत कोण आलंय?"

सही कुणीच केली नाही, म्हणून स्नेझानाने सगळ्यांचे स्क्रू काढले. आम्हा सगळ्यांना बिस्किटांच्या उघड्या डब्यात टाकून तिने डबा दारालगतच्या खोलीच्या खिडकीत ठेवला. मी सगळ्यांत वर होते.

ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी, दुपारी, तो आला. स्नेझाना दातांच्या डॉक्टरकडे गेलेली. पन्नाशीचा माणूस, अंगात नवा कोट, हातात कागद. आकड्यांवरून बोट फिरवत राहिला. चार नंबर दाबला, नऊ दाबला, कुणी घरी नव्हतं. मग पहिलं, एक नंबरचं बटण दाबलं. तिथे पिखलरसाहेब राहतात. सरकारी नोकरीतून निवृत्त झाले तरी त्यांच्यातला कारकून काही निवृत्त झालेला नाही. ते दार उघडून बाहेर आले.

"सगळ्यांच्या घंटा कशाला वाजवताय?"

"माफ करा. हेर्मिने कोग्लर कुठल्या घरात राहतात? माझ्याकडे फक्त रस्ता आणि इमारतीचा नंबर आहे."

"कोण कुठे राहतं ते सांगता येत नाही. माहितीच्या रक्षणाचा कायदा आहे."

"मग चिठ्ठी देऊ का तुमच्याकडे?"

"चिठ्ठी घेतली म्हणजे त्या इथे राहतात असं मी कबूल केल्यासारखं होईल. आहे का नाही?"

तो माणूस हसला, आणि त्याच्या डाव्या गालाला खळी पडली. बाईंच्या पडायची तशी, त्याच जागी. मी डब्यात होते. माझ्या अंगावर तेच नाव कोरलेलं होतं, त्याच्यापासून दोन हातांवर, आणि मला ते उच्चारता येत नव्हतं.

"त्यांनी स्वतःच नाव काढून घेतलं का?" त्याने विचारलं.

"ज्यांना नाव ठेवायचं होतं त्यांनी सही करायची होती. एवढंच सांगू शकतो."

"मग मी तिला नकोच असेन," तो हळूच म्हणाला. कागदाची घडी केली, खिशात घातली आणि ट्रामच्या दिशेने गेला. त्या वेळी बाई चौथ्या मजल्यावर भोपळ्याच्या बियांचं काळपट तेल घालून सॅलड कालवत असतील. ती त्यांची रोजची वेळ.

दोन दिवसांनी पिखलरसाहेबांनी बाईंना दारातच गाठलं आणि मोठ्या अभिमानाने सांगितलं, "एकजण तुम्हाला शोधत आला होता. मी एक अक्षर सांगितलं नाही!"

"कसा होता?"

"बरा होता दिसायला. गालाला खळी पडायची."

"नाव? नाव काय म्हणाला?"

"मी कशाला विचारू? ती त्याची खासगी माहिती."

बाई सोमवारीच दत्तकाची कागदपत्रं ठेवणाऱ्या सरकारी ऑफिसात गेल्या. तिथली मुलगी भली होती. म्हणाली, "जन्मदात्या आईचं नाव जाणून घ्यायचा तुमच्या मुलाला हक्क आहे. पण त्यांचं नाव तुम्हाला सांगायचं तर त्यांची संमती हवी. तुम्ही पत्र ठेवा. त्यांनी फाइल पुन्हा मागितली तर मिळेल." बाईंनी पत्र लिहून दिलं. हे सगळं त्या स्नेझानाला सांगत होत्या आणि स्नेझाना मला परत भिंतीवर बसवत होती. कारण तोवर दुसरं पत्रक आलं होतं, की गैरसमज झाला, ज्यांना हवं त्यांनी नाव खुशाल लावावं. बाकीच्यांना आकड्यांची सवय झाली होती. अर्ज एकट्या बाईंचाच आला.

मग बाई शनिवारची वाट बघेनाशा झाल्या, रोजच खाली येऊ लागल्या. घासून घासून माझी अक्षरं उथळ झाली. फाइल कुणी मागितली नाही. मला त्याचं शेवटचं वाक्य ठाऊक होतं, बाईंना नव्हतं. ते त्यांना कळलं नाही हे बरं झालं की वाईट, याचा निवाडा मला अजून करता आलेला नाही.

गेल्या फेब्रुवारीत बाई गेल्या. स्नेझाना स्क्रू काढायला आली तेव्हा पिखलरसाहेब स्लिपरवरच बाहेर आले. "राहू दे ती. मी वाचून बघितलंय. तो कायदा मेलेल्यांना लागू नाही. बाईंचं नाव आता कुणालाही सांगता येतं." एवढं बोलून त्यांनी चष्मा काढला, आणि तो पुन्हा घालायला त्यांना बराच वेळ लागला.

एक तारखेला सतरा नंबरमध्ये नवे भाडेकरू येतायत. तोवर मी आहे. म्हणून, खळीवाल्या बाबा, कुठे असशील तिथून ऐक. तू नको होतास म्हणून मी उतरले नव्हते रे. ऑफिसात तुझी फाइल पुन्हा माग, तिच्यात एक पत्र आहे. आणि एकदा इथे ये, एक नंबरची घंटा दाब. पिखलरसाहेब या वेळी सगळं सांगतील. मजला चौथा, दार सतरा, आणि रोज खाली येऊन ती कुणाची वाट बघायची तेही. आता कुणाच्याच संमतीची गरज उरलेली नाही.