पाच डबे की नऊ

“सांगितलं तर तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसायचा नाही,” चहात बिस्किट बुडवत एनोक हार्ग्रीव्ज म्हणाला. ऑल्डरशॉचा हा निवृत्त स्टेशनमास्तर. बिस्किट मोडून तळाशी गेलं, तरी त्याचा हात कपावर तसाच राहिला.

क्लबातल्या टेबलापलीकडे मिस शार्पल्स वही उघडून बसली होती. लंडनला थेट गाडी सुरू करणाऱ्या नव्या खासगी कंपनीची ती अधिकारी. गाडी पाच डब्यांची हवी की नऊ, हे तिला आज संध्याकाळी डबे बनवणाऱ्या कारखान्याला कळवायचं होतं. एनोकने उन्हाळ्यात केलेल्या मोजणीप्रमाणे पाच पुरत होते.

“पाच म्हणजे गाडी आमच्याकडे येण्याआधीच भरणार,” एनोकशेजारी बसलेली मॉरीन म्हणाली. “माझ्या नवऱ्याला, क्लेमला, दर महिन्याला लंडनच्या इस्पितळात जायचंय. तीन तास उभा राहील का तो?”

“राहीन की,” दुसऱ्या खुर्चीवर पाय टाकून बसलेला क्लेम म्हणाला. “नाहीतर सामानाच्या फळीवर झोपेन. तू खालून चहा दे.”

सगळे हसले. एनोकने घसा खाकरला.

“तर सात दिवस फलाटावर ठाण मांडून होतो. माणूस चढला, की बादलीत एक वाटाणा. पण कबुतरांनी मारला डल्ला! मग काय, एकेक कबूतर धरलं, तागडीत घातलं आणि पोटातले वाटाणे मोजले वजनावरून.”

“कबुतरांच्या सह्या घेतल्यास ना?” क्लेमने विचारलं.

मिस शार्पल्स हसली नाही. “आठवड्याचे एकूण एक्केचाळीस प्रवासी. बरोबर?”

“बरोबर.”

“मग पाचच.” तिने पेनाचं टोपण काढलं.

एनोकची नजर क्लेमच्या पायांवर गेली. बुटांच्या नाड्या सुजेमुळे सोडून ठेवलेल्या होत्या. त्याने कप बाजूला सारला आणि पहिल्यांदाच मॉरीनकडे सरळ पाहिलं.

“जुलैचा दुसरा आठवडा होता,” तो सावकाश म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं. “तेही लिहून घ्या, बाई. जुलैचा दुसरा आठवडा. सोमवार ते रविवार.”

मॉरीनचा कप बशीत आदळला.

“दुसरा? अरे, तो तर आपल्या सुट्टीचा आठवडा! पाववालासुद्धा दुकान बंद करून जातो. अख्खं गाव ब्लॅकपूलला समुद्रावर होतं, आणि तूही, एनोक! डोक्याला रुमाल बांधून मासे-चिप्सच्या रांगेत आमच्या पुढे घुसला होतास. खोटारड्या, फलाटावर तू पाऊलसुद्धा टाकलं नव्हतंस!”