मामाच्या मागची जागा

मुलांनो, एक गंमत करू या. बसल्या जागी थोडं डावीकडे झुका. आता उजवीकडे. समजा, तुम्ही मोटरसायकलवर मागे बसला आहात. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला नारळाची झाडं, आणि रस्ता असा की एक वळण संपतंय तोच दुसरं हजर. तोंड मिटून घ्या, नाहीतर एखादं चिलट आत जाईल. पुढे कोण बसलंय? तुमचा मामा. तुमचा हक्काचा, एकुलता एक मामा.

बसलात ना नीट? मग आता उतरा. आज ही जागा दुसऱ्या मुलीला दिली आहे.

आलं ना पोटात दुखून? ठिणगीलाही अगदी तसंच झालं.

ठिणगी हे तिचं लाडाचं नाव. मामाचं मोटरसायकली दुरुस्त करायचं गॅरेज होतं, आणि रांगायला लागल्यापासून ही तिथेच लुडबुडायची. ठिणगी पडल्याशिवाय गाडी चालू होत नाही आणि ही आल्याशिवाय माझं गॅरेज चालू होत नाही, असं मामा सगळ्यांना सांगायचा. दर सुट्टीत मामा आणि त्याचे दोन मित्र गाड्यांवरून बेटाला चक्कर मारत. पुढे मामा, मधे फोटोवाले काका आणि सगळ्यात शेवटी बेकरीवाले काका. त्यांची गाडी इतकी जुनी होती की सगळे तिला आजीबाई म्हणत, आणि आजीबाई चढावर खोकायची.

मामाच्या मागे अर्थातच ठिणगी. पण तिथे नुसतं बसायचं नसे. दर वळणानंतर मागे वळून बघायचं. दोन्ही गाड्या दिसल्या, तर मामाच्या खांद्यावर एक थाप. एखादी दिसली नाही, तर दोन थापा. दोन थापा पडल्या की मामा गाडी बाजूला घेऊन थांबायचाच. "आरशात मला रस्ता दिसतो," तो म्हणायचा, "माणसं बघायला तू आहेस."

यंदा फोटोवाले काका आपल्या मुलीला घेऊन आले. ठिणगीएवढीच, दोन वेण्या घातलेली, हळू आवाजात बोलणारी. काकांच्या मागच्या सीटवर कॅमेऱ्याची भलीमोठी बॅग बांधलेली होती. मग तिला बसवायचं कुठे?

"माझ्या मागे बसू दे की," मामा म्हणाला. "पाहुणी आहे. पुढून तिला बेट छान दिसेल. ठिणगी, तू आज आजीबाईवर बस हं."

त्यातच लहान हेल्मेट एकच होतं. लाल, स्वतः ठिणगीने चांदण्या चिकटवलेलं. तेही पाहुणीला मिळालं. ठिणगीच्या डोक्यावर मामीचं मोठं हेल्मेट आलं, आणि तिने मान हलवली तरी ते हलेना.

"अगं, आत तू आहेस ना?" बेकरीवाले काकांनी हेल्मेटवर टकटक करून विचारलं.

ठिणगी हसली नाही. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

गाड्या निघायच्या आधी पाहुणी तिच्याजवळ आली. "ए, मी कधीच गाडीवर मागे बसले नाहीये. काही करायचं असतं का गं?"

ठिणगीने तिच्याकडे पाहिलं. आपल्या चांदण्यांकडे पाहिलं.

"काही नाही. गप्प बसायचं."

आणि पाहुणी गप्प बसली. रस्ताभर ठिणगी काकांच्या खांद्यावरून पुढे बघत होती. लाल हेल्मेट एकदाही मागे वळलं नाही. 'बघितलंस मामा? जमतंय का तिला?' ती मनातल्या मनात म्हणाली, आणि तिला अगदी गार गार वाटलं.

मग दीपस्तंभाच्या चढावर आजीबाई खोकली, खडखडली आणि थांबली. साखळी उतरून चाकात अडकली होती. काकांनी हॉर्न दाबला, पण पुढच्या गाड्या वळणाआड गेल्या होत्या. हत्यारं मामाच्या डिकीत. पाणीही तिथेच. मोबाईलला रेंज नाही.

काका मात्र झाडाच्या सावलीत ऐसपैस बसले. "काळजी कशाला? तुझा मामा पुढच्या वळणाला थांबेल. ती पोरगी बघेल ना मागे."

ती बघणार नव्हती. ते फक्त ठिणगीलाच ठाऊक होतं.

सावली सरकत काकांच्या पायांवरून निघून गेली. काकांनी दोनदा साखळी ओढून पाहिली, बोट कापून घेतलं आणि रुमाल गुंडाळला. त्यांचे विनोद संपले. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. "विसरला की काय हा मला?" ते हळूच म्हणाले. एवढा मोठा माणूस, पण आवाज अगदी लहान मुलासारखा झाला होता.

शेवटी दोन्ही गाड्या परत आल्या. मामा धावतच उतरला. "अरे, आम्ही पार बंदरापर्यंत पोचलो! तिथे बघतो तर तुम्ही नाही. जीव टांगणीला लागला माझा." मग तो पाहुणीकडे वळला. "बाळा, मागची गाडी दिसेना, तर सांगायचं नाही का?"

पाहुणीचे डोळे भरले. "मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. तिने एकदा ठिणगीकडे पाहिलं. ठिणगीला वाटलं, आता ही सगळं सांगणार!

पण पाहुणी खाली बघत राहिली.

मामाने साखळी चढवली, हात पुसले. "ठिणगे, चल. बस आपल्या जागेवर. तुझ्याशिवाय आमचं चालायचं नाही."

हेच तर हवं होतं! पाहुणीने मुकाट्याने लाल हेल्मेट काढून दिलं. ते आतून ओलं होतं. ठिणगीने ते घातलं आणि मामाच्या मागे चढून बसली. तीच सीट, तोच खांदा, तोच समुद्र. फक्त एक अडचण होती. या जागेवर बसणाऱ्याला मागे बघावंच लागतं.

पहिलं वळण संपलं. ठिणगीने मागे पाहिलं. फोटोवाले काका होते. आजीबाई होती. आजीबाईवर मामीचं हेल्मेट पाहुणीच्या नाकापर्यंत घसरलं होतं, आणि तिला ना समुद्र दिसत होता, ना झाडं. ठिणगीने मामाच्या खांद्यावर एक थाप मारली.

दुसरं वळण. पुन्हा तेच. पाहुणी एका हाताने हेल्मेट वर ढकलत होती, ते पुन्हा खाली येत होतं. एक थाप, जरा हळू.

तिसऱ्या वळणाला ठिणगीने हात उचलला आणि तो तसाच हवेत राहिला.

मग तिने मामाच्या खांद्यावर दोन थापा मारल्या.

मामाने गाडी झटकन बाजूला घेतली आणि घाबरून मागे पाहिलं. "कोण राहिलं? दोघंही तर दिसताहेत की!"

ठिणगी उत्तर द्यायला थांबली नाही. ती खाली उतरली, आजीबाईजवळ गेली, आणि लाल हेल्मेट काढून पाहुणीच्या मांडीवर ठेवलं.

"सकाळी मी खोटं बोलले," ती म्हणाली. मामालाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "मामाच्या मागे बसणाऱ्याला काम असतं. खांदा कर इकडे, दाखवते."

आणि तिने पाहुणीच्या खांद्यावर एक थाप मारली.