जागा बघ गं

त्या बाजारात कुणी ‘जाते’ म्हणत नसे. नळावर पाणी प्यायला उठायचं असो की चार दिवस गावाला, शेजारणीला सांगायचं, ‘जागा बघ गं, येते,’ आणि शेजारणीनं म्हणायचं, ‘ये.’ कोथिंबीरवाली मावशीही त्या दुपारी तसंच म्हणाली. डोकं जड झालंय, घरी जरा पडून येते. शेजारची अंडेवाली ट्रे लावत होती. तिनं मान वर न करता ‘ये लवकर’ म्हटलं. मावशी घरी जाऊन आडवी झाली ती पुन्हा उठली नाही.

आणि तरी लवकरच आली.

पहिल्यांदा ते कुणाच्या लक्षात आलं नाही. रिकाम्या जागेवर समोरच्या कांदेवाल्याच्या मेव्हण्यानं मीठ-साखरेची पोती मांडली. दुपारपर्यंत पोती वरून ओली. छप्पर धड होतं, नळ लांब होता. मेव्हणा पोती बदलून बदलून दमला आणि शेवटी खारं पाणी घेऊन घरी गेला, असं कांदेवालाच हसत सांगायचा. त्यानंतर एकानं पीठ विकायला आणलं. त्याचं काय झालं ते सांगायला नको, निदान मळायचे कष्ट तरी वाचले बिचाऱ्याचे. लोकांनी हसून घेतलं. पण मग जागेवर काहीच मांडलेलं नसताना नुसत्या फरशीवर थेंब दिसू लागले, आणि गिऱ्हाइकं तेवढा तुकडा ओलांडून चालू लागली.

बाजाराचा मुकादम शहाणा माणूस, त्याच्याकडे सगळ्याला उत्तर असायचं. ‘बाजार नव्हता तेव्हा इथे विहीर होती,’ तो म्हणे. ‘बायका पाण्याला यायच्या, येताना परसातली भाजी आणायच्या, तिथूनच हा बाजार वाढला. पुढे विहीर बुजवली. तिचीच ओल ही.’ अंडेवालीला ते पटत नसे. ओल खालून चढते. हे थेंब वरून पडलेले होते, सुटे सुटे आणि टपोरे. मावशी टमरेलात बोटं बुडवून जुड्यांवर पाणी झटकायची, अगदी तसे. कधी अंडेवालीच्या डाव्या हातावरही दोन थेंब उडत. पूर्वीही उडायचे, तेव्हा ती खेकसायची, ‘अगं, कोथिंबीर भिजव, मला कशाला भिजवतेस!’ आता ती मुकाट्यानं हात फडक्याला पुसायची आणि तिच्या काळजाचं पाणी पाणी व्हायचं.

हे तिनं जन्मभर पोटात ठेवलं असतं. पण तिची एकुलती लेक एक ट्रंक घेऊन सासरहून कायमची परतली. तिला स्वतःच्या पायावर उभं राहायचं होतं, आणि बाजारात रिकामी जागा ती एकच. मुकादमानं बजावलं, ‘ही शेवटची खेप. लेक टिकली तर टिकली. नाहीतर तिथे भिंत घालून टाकतो, कटकट मिटेल.’

आदल्या संध्याकाळी बाजार उठत असताना अंडेवाली त्या जागेसमोर उभी राहिली. कुणी बघत नाही ना, हे तिनं दोनदा पाहिलं.

‘मावशी,’ ती म्हणाली, ‘माझी पोर रांगत होती तेव्हा तू तिला तुझ्या टोपलीत बसवायचीस. तीच पोर उद्यापासून इथे बसणार. तिला दुसरीकडे कुठे थारा नाही गं. मी तुला ये म्हटलं, ते चुकलं माझं. आता तू…’

सख्ख्या आईला घराबाहेर काढताना कसं वाटेल, तसं तिला वाटत होतं.

‘आता तू जा.’

काही झालं नाही. फक्त त्या कोपऱ्यात कायम असायचा तो ओल्या कोथिंबिरीचा वास हळूहळू विरला. अंडेवाली घरापर्यंत रडत गेली.

सकाळी फरशी कोरडी ठणठणीत होती. लेकीनं परवडली म्हणून कोथिंबीरच आणली होती. दुपार झाली तशा जुड्यांनी माना टाकल्या. गिऱ्हाइकं उचलून बघत आणि परत ठेवत.

‘आई, नळावरून पाणी आणते शिंपडायला,’ लेक टमरेल घेऊन उठली. ‘जागा बघ, येते.’

‘जा,’ अंडेवाली म्हणाली.

जिभेला हाड नसतं म्हणतात. काल मोठ्या कष्टानं वळवलेली जीभ वळलेलीच राहिली होती. आपण काय बोललो हे कळेपर्यंत लेक गर्दीत दिसेनाशी झाली होती. अंडेवाली उठली आणि अंडी तशीच उघडी टाकून धावत सुटली. मासळीच्या ओट्यांमागे लेक दिसेना, फळांपाशी दिसेना. शेवटी नळावर वाकून टमरेल भरताना दिसली. अंडेवालीनं तिचं मनगट घट्ट धरलं.

‘काय झालं गं आई?’

‘काही नाही. ये म्हणायला आले.’

‘एवढ्यासाठी पळत आलीस? आणि जागा कोण बघतंय?’

दोघी लगबगीनं परतल्या. जागेपुढे गिऱ्हाइकं वाकून उभी होती. जुड्या ताठ झाल्या होत्या, पानापानावर सुटे, टपोरे थेंब होते. लेकीच्या हातातलं टमरेल अजून काठोकाठ भरलेलं होतं. कांदेवाला हातात कांदा धरून नुसता बघत होता.

‘कुणी शिंपडलं रे?’ अंडेवालीनं विचारलं.

‘मला काय विचारतेस? पळताना तूच ओरडलीस ना, जागा बघ गं म्हणून.’

‘तुलाच म्हटलं असेन.’

‘मला?’ कांदेवाल्याच्या आवाजात हसू नव्हतं. ‘मला कधीपासून गं म्हणायला लागलीस?’

अंडेवाली खाली बसली. डाव्या हातावर दोन थेंब उडाले. या वेळी तिनं ते पुसले नाहीत. लेक आपल्या जागी बसायला वाकली, तशी तिनं हात आडवा केला.

‘मधोमध नको,’ ती म्हणाली. ‘जरा सरकून बस. मावशीला जागा ठेव.’